छऱ्याच्या बंदुकीला कॅमो फिल्म: मे महिन्यातला गाढवपणा

तापीकाठ (शहादा) | १९ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

घरी आजोबांची छऱ्याची बंदूक आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत फुगे फोडायचे ठेले लागतात, तसल्याच एका ठेलेवाल्याकडून त्यांनी ती घेतली होती. का घेतली ते आजीला अजून कळलेलं नाही. नळी मोडून ताण भरायची, साधी स्प्रिंगवाली, १७७ ची, म्हणजे ०.१७७ इंच, साडेचार मिलीमीटर छऱ्याची. नेम अजून बरा आहे. दहा मीटरवर बशीएवढ्या गोलात पाचही छर्रे जातात. पण लाकडी दस्त्याची पार रया गेली होती. पॉलिश पोपडे धरून निघालेलं, मागच्या टोकाला एक जुनी चीर, आणि कुणीतरी (बहुतेक मीच, सहावीत असताना) कर्कटकने बदाम कोरलेला.

नवा दस्ता करायचा नव्हता. मोबाईलवर एक-दोन व्हिडिओ बघितले आणि ठरवलं, कॅमोफ्लाज फिल्म चिकटवायची. गाडीला लावतात तीच. गावातल्या रेडियमच्या दुकानातून हिरव्या पानांची डिझाईन असलेली दोन फूट फिल्म आणली. रविवार होता, दुपारी अडीच वाजता ओसरीवर बसलो. पारा ४४ च्या वर. घरातले सगळे झोपलेले, म्हणजे कुणी अडवायलाही नाही.

पुढचं थोडक्यात: फिल्म कागदापासून सुटली ती थेट स्वतःलाच चिकटली. ती सोडवताना ताणली गेली, पानं लांबट झाली, निवडुंगासारखी दिसायला लागली. सपाट भागावर कशीबशी बसली. मुठीच्या बाकावर सुरकुत्याच सुरकुत्या. त्या हेअर ड्रायरने घालवल्या, संध्याकाळी बघतो तर परत आलेल्या. दुसऱ्या दिवशी कडा उचलल्या. तिसऱ्या दिवशी एक टोक धरून ओढलं, तर केळीचं साल निघावं तशी अख्खी फिल्म हातात, आणि चिकट बाजूवर तपकिरी तेलकट डाग.

आता प्रश्न. चूक उन्हाची, फिल्मची, लाकडाची, का माझी? परत करावं का? आणि तो बदाम कसा बुजवावा?

वरचा_मळा | १९ मे, रात्री ११.०५

बदाम राहू द्या. कुणाचा होता ते सांगा.

खाकी_धुळे | २० मे, सकाळी ७.१५

भाऊ, ४४ डिगरीमा मानूस चिकटी जास, फिल्मनं काय लई बसनात!

असो. आधी एक विचारतो, राग मानू नका. बंदूक १७७ चीच आहे ना, आणि छर्रा सुटतानाचा जोर २० जूलच्या आतला? तेवढी असेल तर शस्त्र परवाना लागत नाही, २०१६ च्या नियमांत तसंच आहे. त्याहून मोठी असेल तर फिल्मच्या आधी कागदांचं बघा.

तापीकाठ | २० मे, सकाळी ८.३०

१७७ चीच आहे दादा. जुनी स्प्रिंग, दमलेली. वीस जूल तिला तरुणपणीही झेपले नसतील.

रेडियमवाला_अमळनेर | २० मे, दुपारी १.२०

चौदा वर्षं हाच धंदा आहे, म्हणून जरा लांब लिहितो. दुपारी तसंही गिऱ्हाईक नसतं.

आमच्या धंद्याचं नाव रेडियम, माल विनाइल, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. विनाइलच्या दोन जाती. एक रुळांमधून दाबून लाटलेली, तिला कॅलेंडर्ड म्हणतात. दुसरी पातळ ओतून वाळवलेली, ती कास्ट. लाटलेल्या फिल्मची गत पोळीसारखी आहे. लाटताना ताणली जाते आणि ते ताणणं ती विसरत नाही. ऊन लागलं की मूळ मापाकडे आखडते. म्हणून तुमच्या सुरकुत्या ड्रायरने गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. कास्ट फिल्म ओतलेली असल्यामुळे तिच्यात तो ताण नसतो. ती पातळही असते, साधारण ५० मायक्रॉन, आणि बाकावर मुकाट बसते. गावोगावी दोन फुटी रोल मिळतो तो ९९ टक्के लाटलेला. नंबरप्लेट आणि दुकानाच्या काचेसाठी तो उत्तम. बंदुकीच्या मुठीसाठी नाही.

दुकानात गेलात की एवढंच विचारा, "गाडीच्या आरशावर बसणारी फिल्म आहे का?" आरसा म्हणजे चारी बाजूंनी गोलाई. जी आरशावर बसते ती दस्त्यावर बसते. मागच्या बाजूला बारीक जाळी दिसली तर अजून चांगलं. तिच्यातून हवा निघून जाते, फुगे राहत नाहीत. ही जाळीवाली फिल्म साबणाच्या पाण्यावर लावायची नसते, कोरडीच लावायची. आमच्याकडची पोरं जुन्या सवयीने पाणी मारतात आणि जाळीत पाणी अडकवतात.

ऊन हे तुमचं दुसरं पाप. चिकट फिल्म लावायला २०-२५ डिग्री बरी. खानदेशात मे महिन्यात ती फक्त स्वप्नात मिळते, पण पहाटे साडेपाच ते सात जमतं. रोलही घरात सावलीत ठेवा. मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेला रोल आणून "चिकटत नाही" म्हणणारे मी रोज बघतो.

पण तपकिरी तेलकट डाग म्हणालात, ते फिल्मचं काम नव्हे. लाकडाला काय पाजलंय?

तापीकाठ | २० मे, दुपारी ३.००

आजीला विचारलं. आजोबा दर दिवाळीला दस्त्याला जवसाचं तेल चोळायचे. पंचवीसेक वर्षं.

रंधा_पटाशी (चाळीसगाव) | २० मे, रात्री ९.१०

झालं. मग त्या लाकडाला काहीच चिकटणार नाही. ४४ डिग्रीला तेल वर येतं आणि फिल्मच्या गोंदात मुरतं.

मी सुतार आहे, बंदुकीचं मला कळत नाही. पण तेल प्यालेलं लाकूड रोज बघतो. करायचं असं:

दस्ता बंदुकीपासून सुटा करा. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं पिवळं होईल. नवीन फडकं घ्या, परत पुसा. फडकं कोरं निघेपर्यंत. थिनर वापरू नका, उरलेलं पॉलिश त्याने चिखलासारखं होतं. मग १८० चा पॉलिश पेपर, नंतर ३२०. रेषेच्या दिशेने. पोपडे जायला हवेत, नाहीतर त्यांची कड पातळ फिल्ममधून उठून दिसेल. फिल्म काही लपवत नाही, उलट चुगली करते. बदाम आणि चीर लाकडाच्या पुट्टीने भरा, वाळल्यावर घासा.

आणि ती तेलकट फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेतं. खोटं वाटेल, पण आमच्या लाइनमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

आता मुख्य. तेलकट लाकडावर थेट लॅकर मारलं तर तेही धरणार नाही. मध्ये चपडा लागतो. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, सुती पोतेऱ्याने दोन पातळ हात. चपडा तेलावरही धरतो आणि त्यावर बाकी सगळं धरतं. पण नुसत्या चपड्यावर थांबू नका, वर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा लॅकरचा एक पातळ हात द्या. का ते ओळखा बघू.

रेडियमवाला_अमळनेर | २० मे, रात्री ९.४०

ओळखलं. फिल्म लावायच्या आधी आम्ही स्पिरिटने पुसतो. चपडा स्पिरिटमध्येच विरघळतो!

रंधा_पटाशी | २० मे, रात्री ९.५५

बरोबर. आणि तुमची फिल्म तापवायची हीट गन. चपडा ८० डिग्रीच्या आसपास मऊ पडतो. वर झाकण नसेल तर फिल्मसकट सगळं सरकेल.

आणखी एक. पॉलिश करताना त्या खोलीतला कूलर बंद ठेवा. ओलाव्याने चपडा पांढरट पडतो. म्हणजे पावसाच्या आधीच उरका.

तापीकाठ | २० मे, रात्री १०.१०

मेच्या शेवटी कूलर बंद! आजी मलाच दस्ता करेल.

केळीवाला_रावेर | २१ मे, सकाळी ६.००

मले या धाग्याचं भारी नवल वाटलं. आमच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअर आहे, रानडुकरांपायी. लहान भावाने दोन वर्षांमागं अशीच फिल्म लावली होती, पार नळीपासून मागपर्यंत. दिसायला झकास. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली तशी बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली. तिथं पहिला प्रश्न, नंबर कुठे आहे? नंबर फिल्मखाली. उभ्या उभ्या नखाने खरवडून काढला. साहेब चांगले होते म्हणून हसून सोडलं. नंबर खोडणं, घासणं हा आर्म्स ॲक्टमध्ये गुन्हा आहे. झाकणं म्हणजे खोडणं नव्हे, पण ते समजावायची पाळी ठाण्यात येऊ नये राजेहो.

तवापासून आमचा नियम, फिल्म फक्त लाकडाला. लोखंडाला नाही.

सातपुडा_पाखरू (जळगाव) | २१ मे, सकाळी ११.३०

मी बंदूकवाली नाही, कॅमेरावाली. पण लेन्सला आणि ट्रायपॉडला सात वर्षं हेच उद्योग करतेय, म्हणून लिहिते.

तापीकाठ दादा, तुमची हिरव्या पानांची डिझाईन. ती घेऊन सातपुड्यात होळीनंतर गेलात तर तुम्ही चालत्या कढीपत्त्यासारखे दिसाल. आपलं जंगल पानगळीचं आहे. सागाची पानं झडलेली, गवत वाळून पिवळं, माती तांबूस. फेब्रुवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत हिरवं लांबून उठून दिसतं. वाळक्या गवताची नाहीतर खोडाच्या सालीची डिझाईन घ्या. हिरवी जुलै ते ऑक्टोबर ठीक. रावेरच्या केळीत बाराही महिने चालेल, पण केळीत लपून करणार काय?

आणि खरं सांगू, डिझाईनपेक्षा चकाकी महत्त्वाची. पाखराला पानाचा आकार कळो न कळो, उन्हात चमकलेली फिल्म आणि हाताची हालचाल लगेच कळते. माझी पहिली फिल्म चकचकीत होती. हतनूर धरणाच्या पाण्यावर सकाळी बसले तर बदकं मी बसायच्या आधीच उडायची. मॅट फिल्म लावली आणि निम्मा त्रास गेला. नुसता मॅट मातकट रंगही चालतो. खाकी हा शब्द खाक म्हणजे धुळीवरून आला, तो काही उगाच नाही.

दुसरं, फिल्मच हवी असा हट्ट का? कापडी टेप मिळते, स्वतःलाच चिकटणारी. दवाखान्यातली क्रेप पट्टी असते ना, त्यातलाच प्रकार. पाच सेंटीमीटर रुंद. लाकडाला गोंद लागतच नाही, म्हणजे तेलाची भानगडच नाही. अर्धा पदर आधीच्या पदरावर चढवत गुंडाळायची. उन्हात हात घसरत नाही. हौस फिटली की सोडून ठेवायची.

रेडियमवाला_अमळनेर | २१ मे, दुपारी १.४५

ताई, टेपला माझा विरोध नाही, पण पावसाळ्यात ती पाणी धरते. दोन दिवस ओली राहिली की खाली लाकूड फुगतं, बुरशी येते. लोखंडाला गुंडाळली तर गंज हमखास, घामातलं मीठ तिच्यात साठतं.

सातपुडा_पाखरू | २१ मे, दुपारी २.००

मान्य. म्हणून घरी आल्यावर सोडायची. माझ्या लेन्सला बुरशी लागली तेव्हा शिकले. तो खर्च आठवला की अजून पोटात गोळा येतो.

वैतागराव | २१ मे, संध्याकाळी ६.२०

मला एक कळत नाही. शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेताच येत नाही, मग ते यावल असो नाहीतर अनेर. मग ही बंदूक कुणापासून लपवायची? पुठ्ठ्याच्या निशाणापासून? लाकूड आहे, छान पॉलिश करा, रेषा दिसू द्या. लाकडावर स्टिकर म्हणजे पैठणीवर रेनकोट.

तापीकाठ | २१ मे, संध्याकाळी ७.००

वैतागराव, तुमचं खरं आहे. लपवायचं कुणापासूनच नाही. बंदूक मळ्याच्या बाहेर जात नाही, मागे मातीचा बांध आहे, पुढे पुठ्ठा आहे. हौस आहे, बस. मोटरसायकलच्या टाकीवर वाघ चिकटवणारे वाघापासून लपतात का?

खाकी_धुळे | २१ मे, संध्याकाळी ७.३०

डिझाईनवरून आठवलं. फौजेची जी नवी डिजिटल डिझाईन आहे, १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला पहिल्यांदा दिसली ती, तिच्यासारखी फिल्म घेऊ नका. त्या डिझाईनचे हक्क सैन्याने नोंदवलेले आहेत. बंदुकीला लावली म्हणून कुणी फाशी देणार नाही, पण गावात चर्चा होईल, व्हिडिओ होईल. गवताची घ्या, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मी स्वतः वर्दीतून निवृत्त झालोय, म्हणून सांगतो.

भुसावळ_दहामीटर | २२ मे, सकाळी ९.००

उशिरा आलो. मुलगा एअर रायफल शिकतो. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं, तो मध्य रेल्वेचा, आम्हीही मध्य रेल्वेचे. मग घरात दुसरा विषय उरला नाही. त्यामुळे बंदूक उघडण्यातलं थोडं कळायला लागलंय.

फिल्मबद्दल सगळे बोलले, बंदुकीबद्दल कुणी बोललं नाही. तुमची नळी मोडायची बंदूक आहे. तिच्या पुढच्या लाकडाला खालून एक लांब खाच असते. ताण भरताना नळीला जोडलेला दांडा त्या खाचेतून मागे-पुढे सरकतो. पहिल्या वेळी तुम्ही त्या खाचेवरून फिल्म नेली होती का?

तापीकाठ | २२ मे, सकाळी ९.२०

...हो. आणि मग ब्लेडने फाडली.

भुसावळ_दहामीटर | २२ मे, सकाळी १०.१०

वाटलंच. तिथे सुटी कड राहिली की दांडा तिला रोज थोडी थोडी ओढतो, आणि गोंद दांड्याच्या तेलात कालवला जातो. फिल्म खाचेच्या कडेच्या चार-पाच मिलीमीटर अलीकडे थांबवा. आत वळवू नका. तसंच चापाच्या आजूबाजूला, सेफ्टीच्या खटक्याजवळ, आणि लाकडाच्या आत लोखंड बसतं त्या गाळ्यात फिल्मचा तुकडाही नको. गाळ्यात पातळ थर गेला तरी लोखंड नीट बसत नाही, स्क्रू सैल पडत राहतात आणि नेम फिरतो. लोक म्हणतात बंदूक बिघडली. बिघडलेली काही नसते.

सुटी करताना: नळीत छर्रा नाही ना, दोनदा बघा. ताण भरलेला नको. नळी मोडलेल्या अवस्थेत चाप दाबायचा नाही, कधीच नाही. ती फाटकन मिटते, बोटं मध्ये असली तर गेली. पुढच्या लाकडाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू, चापाच्या कडीला एक किंवा दोन. तेवढे काढले की दस्ता सुटतो. मागचा रबरी तळवाही काढून ठेवा, फिल्म त्याच्या खाली दाबता येते. स्प्रिंगच्या नळकांड्याला मात्र हात लावू नका. ती आत दाबून बसवलेली असते. अवजाराशिवाय उघडली तर छताला जाईल, नाहीतर तोंडाला.

स्क्रू वाटीत एकत्र टाकू नका. कागदावर बंदुकीचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. पुढचे-मागचे लांबीला वेगळे असू शकतात.

तापीकाठ | ६ जून, रात्री ९.००

मंडळी, झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कारण शोधताना मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं.

दस्ता २३ मे रोजी सुटा केला. स्पिरिटने पुसायला दोन संध्याकाळ गेल्या. अकरा फडकी लागली, सगळी पिवळी. दोरीवर पसरून वाळवली (आजी: "हे काय, हळदीचा कार्यक्रम आहे का?"). घासताना पॉलिशखालून इतकं सुंदर लाकूड निघालं की वैतागराव आठवले. खरंच थांबावंसं वाटलं. पण चीर वाटली त्यापेक्षा लांब होती, पुट्टीचा पांढरा पट्टा आरपार दिसत होता. म्हणून पुढे गेलो.

चपड्याचे दोन हात, रात्री, कूलर बंद ठेवून. त्याबद्दल घरच्यांना आइस्क्रीम द्यावं लागलं. वर लॅकरचा एक हात. मग आठ दिवस हात लावला नाही. रंधा_पटाशी काकांनी फोनवर दम दिला होता की वास येतोय तोवर वाळलेलं नाही.

फिल्म धुळ्याहून आणली, गाडीला लावायची कास्ट, मॅट, वाळक्या गवताची. ती पाच फूट रुंदीत येते. एक मीटर घेतली. एवढ्यात दोनदा चुकायची सोय होते, आणि मी एकदा चुकलोच. दस्ता ७६ सेंटीमीटर भरला. मागच्या टोकाला दोरी गुंडाळून मोजलं तर घेर ३० च्या आत. तुकडा कापताना चारी बाजूंनी चार बोटं जास्त ठेवली.

४ जून, पहाटे पावणेसहा. खोलीत भिंतीवरच्या थर्मामीटरवर २८. याहून कमी शहाद्यात आता डिसेंबरातच. स्पिरिटच्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने. त्यानंतर लाकडाला बोट लावलं नाही, दस्ता धरला तो मागच्या स्क्रूच्या भोकात घातलेल्या पेन्सिलीने.

एकाच तुकड्यात गुंडाळायचं नाही हे मी स्वतःच्या अकलेने ठरवलं, आणि एवढं एकच माझं. दोन तुकडे: डावी बाजू, उजवी बाजू. एक जोड खालून, जिथे कुणी बघत नाही. वरचा जोड अगदी कडेवर, गाल टेकतो तिथे, आणायचा नाही, जरा बाजूला घ्यायचा. एक तुकडा दुसऱ्यावर आठ मिलीमीटर चढवला. खालचा जोड असा की वरून येणारं पाणी ओघळून जावं, आत शिरू नये, कौलं बसवतात तसा.

सुरुवात मागच्या सपाट भागाच्या मधोमध. कागद एकदम काढायचा नाही, चार बोटं सोलायचा, फिल्म टेकवायची, पट्टीने मधून बाहेर ओढायची. पट्टी म्हणजे संपलेलं एटीएम कार्ड, त्याला आईच्या जुन्या स्वेटरचा तुकडा गुंडाळलेला. नुसतं कार्ड मॅट फिल्मवर चकाकी ओढतं. वाकडं गेलं तर दाबून बसवायचं नाही, उचलायचं. थंड असली की कास्ट फिल्म निमूट उचलली जाते. उन्हात फिल्म स्वतःलाच चिकटली की जीव गेला तरी सोडत नाही, हे मला मे महिन्यात कळलं होतं.

मूठ. इथे पाऊण तास गेला आणि पहिला तुकडाही. बाक दोन दिशांनी आहे. मी परत ओढत बसलो, गवताची पाती परत निवडुंग झाली, फाडून टाकली. रेडियमवाल्या दादांना फोन. ते म्हणाले, "ओढू नको, आधी गरम कर. मऊ झाली की हाताने बसव. ओढल्यावर गरम करतोस म्हणून चुकतं." दुसऱ्या तुकड्याला आधी ड्रायर, कोमट लागेपर्यंत, मग अंगठ्याने खोलगटापासून बाहेर. जिथे ऐकेनाच तिथे कडेपासून दोन छोटे काप, दिसणाऱ्या जागी नाही, चापाच्या मागच्या कोपऱ्यात. बसली. म्हणजे इतकी बसली की मी बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली, "छान. दूध उतू गेलंय."

कापायला नवं ब्लेड, दर वीतभराला टोक मोडून ताजं. ब्लेडचा दाब फक्त फिल्मपुरता. एका जागी जास्त दाबलं, लाकडात केसाएवढी रेघ गेली, फिल्मखाली झाकली. (फिल्म लपवत नाही असं कोण म्हणालं?)

शेवटी सगळ्या कडा आणि मुठीचा खोलगट भाग हीट गनने तापवला. दादा म्हणतात कास्ट फिल्म ९० डिग्रीच्या वर गेली की जुना आकार विसरते. मोजायला करोनातलं कपाळाचं थर्मामीटर घेतलं, तर अंगाच्या तापाच्या सेटिंगवर ते लगेच "हाय" म्हणून ओरडायला लागलं. त्यात पृष्ठभागाचं वेगळं बटण असतं, तेही शंभरपर्यंतच. एका जागी गन धरायची नाही, खाली चपडा आहे. हलवत राहायची. दोन दिवस तशीच ठेवली, आज जोडली.

दहा मीटरवर पाच छर्रे. नेम जागेवर आहे. फोटो उद्या चढवतो.

रंधा_पटाशी | ६ जून, रात्री ९.३०

लाकूड चांगलं निघालं होतं म्हणता, त्याचा फोटो काढला होता का?

तापीकाठ | ६ जून, रात्री ९.३५

नाही हो काका. आता वाटतंय, काढायला हवा होता.

वैतागराव | ६ जून, रात्री ९.५०

मी काही बोलत नाही.

केळीवाला_रावेर | ७ जून, सकाळी ६.१०

नंबर?

तापीकाठ | ७ जून, सकाळी ८.००

लोखंडावर, उघडा, टूथब्रशने साफ केलेला. लोखंडाला फिल्मचा स्पर्श नाही.

भुसावळ_दहामीटर | ७ जून, सकाळी ८.४०

शंभरेक छर्रे मारून झाले की स्क्रू परत तपासा. नव्या थरावर तळवा थोडा दबतो, मागचे दोन स्क्रू सैल होतात.

तापीकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ८.१५

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, पावसाळा काढला. भुसावळकर दादांचं खरं निघालं, मागचा एक स्क्रू पाव फेरा सैल होता. खालचा जोड बोटभर उचलला, बरोबर तिथेच जिथे मी कापताना घाईत फिल्मला हात लावला होता, हाताचं तेल. तेवढाच भाग ड्रायरने कोमट करून उचलला, स्पिरिट फिरवलं, वाळू दिलं, परत दाबला. महिना झाला, आहे तिथे आहे. मुठीवर मात्र घामाने हात घसरतो, त्यावर ताईंची कापडी टेप चार पदर गुंडाळलीय. घरी आल्यावर सोडतो.

गवताची फिल्म आता हिरव्या मळ्यात लांबून उठून दिसते. ताईंनी सांगितलंच होतं.

सातपुडा_पाखरू | १४ सप्टेंबर, रात्री ८.४०

ऑक्टोबर सरू द्या, मग बघा. उरलेला तुकडा केवढा आहे? तुमच्याच शहाद्याच्या बाजूला रानपिंगळा, ते दुर्मिळ घुबड, बघायला यायचंय. १९९७ मध्ये जगाला तो परत सापडला तो तिथेच. नवीन लेन्स पांढरीशुभ्र आहे.

तापीकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ८.४५

दीड वीत रुंद, हातभर लांब. या, चहा पण आहे. लेन्सला तेल तर नाही ना पाजलेलं?